कीर्दीतली माणसे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी चौरंगावर तीन वस्तू मांडल्या जात. चांदीचा एक जुना रुपया, शाईची दौत आणि लाल कापडी बांधणीची कोरी वही. घरात व्यापार नव्हता, दुकान नव्हते, शेती म्हणावी तर परसातले चार वाफे. तरी वही मात्र दरसाल नवी येई. कारण माझे आजोबा तालुक्याच्या गावी एका आडत्याच्या पेढीवर दिवाणजी होते. पेढीवरची मोठी पूजा आटोपून ते घरी येत, सोवळे नेसत, वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढीत आणि आम्हां पोरांना सांगत, "हात जोडा रे. लक्ष्मी येते नि जाते. ती कुठून आली आणि कुठे गेली, हे ही सांगते."

त्या वेळी मला या वाक्याचा अर्थ कळत नसे. डोळे असत ते बत्तासे-लाह्यांच्या वाटीकडे. पण आजोबांची एक गोष्ट मात्र मनात राहिली. त्यांच्या तरुणपणी, म्हणजे आणे-पै चालू असतानाच्या काळात, एका रात्री गल्ल्यात एक पावली कमी भरली. कीर्द सांगे एक, गल्ला सांगे दुसरे. गल्ल्याजवळ बसणारा बारा-तेरा वर्षांचा एक पोऱ्या होता. सगळ्यांचे डोळे आपसूक त्याच्याकडे वळले. शेटजी भला माणूस. त्याने बाराबंदीच्या खिशातून पावली काढली आणि म्हणाला, "दिवाणजी, ही घ्या, टाका गल्ल्यात नि घरी जा. पावलीसाठी एवढे तेल का जाळता?"

आजोबा म्हणाले, "शेटजी, पावली आपण दिलीत, पण गेली ती कुठे, हे कोण देणार?"

रात्री एकच्या सुमाराला ती सापडली. वहीच्या पानाला घड्या घालून जे सळ पाडतात, त्यांतल्या एका सळाच्या दुमडीत पावकीची उभी रेघ दडून बसली होती. हमालाला सव्वा रुपया दिला होता आणि बेरजेत रुपयाच धरला गेला होता. शेटजींची पावली गल्ल्यात पडली असती तर हिशेब जुळला असता, सगळे निजायला गेले असते आणि तो पोऱ्या जन्मभर चोर राहिला असता.

आपल्याकडे इतिहास म्हटला की तलवार आठवते. कोणता किल्ला कोणत्या साली घेतला, कोणती लढाई कोणी जिंकली, हे आम्ही शाळामास्तर पोरांकडून घोकून घेतो. त्या किल्ल्यावर दाणा किती होता, लढाईला निघालेल्या घोड्यांच्या वैरणीचा पैसा कुठून आला, तो कोणी मोजला, आणि मोजताना कोणाची भीड धरली नाही, हे आम्ही विचारीत नाही. परीक्षेत तो प्रश्न येत नाही. पण राज्य जसे तलवारीने उभे राहते, तसे ते कीर्दीवर तोलून धरलेले असते. आणि कीर्द बिघडली की तलवार कितीही पाणीदार असो, तिला म्यानाचेही पैसे मिळत नाहीत. आजच्या या दिवशी, वहीपूजनाच्या निमित्ताने, त्या कीर्द लिहिणाऱ्यांची आठवण काढावी असे मनात आहे.

शिवछत्रपतींनी १६७४ साली राज्याभिषेक करून घेतला, तेव्हा अष्टप्रधानांची पदे संस्कृत नावांनी सजली. पेशवा तो मुख्य प्रधान झाला, मुजुमदार तो अमात्य झाला. 'मजमू' म्हणजे एकूण बेरीज. ती ज्याच्या हाती तो मुजुमदार. सगळ्या राज्याचा जमाखर्च तपासणे, तो दप्तरदार-फडणिसांकडून नीट लिहवून घेणे, कागदांवर आपली निशाणी करणे, हे त्याचे काम. प्रसंग पडला तर त्याने तलवारही धरायची होती. हिशेबनीस म्हणजे कान कोरणीत बसणारा माणूस, ही पुढल्या काळातली समजूत आहे.

पण महाराजांची खरी हिशेबी नजर दिसते ती किल्ल्यांच्या व्यवस्थेत. सभासदाच्या बखरीत तिचे वर्णन आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि कारखाननीस असे अधिकारी, आणि ते वेगवेगळ्या जातींचे. हवालदाराच्या हाती किल्ली नि शिबंदी, सबनिसाच्या हाती हजेरी नि जमाखर्चाचे लिहिणे, कारखाननिसाच्या हाती धान्याचे नि सामानाचे कोठार. एकट्याला फितूर होता येऊ नये आणि एकट्याला गिळताही येऊ नये! गड राखायचा तर तटाइतकीच ही तिघांची एकमेकांवरची नजर महत्त्वाची, हे त्यांनी ओळखले होते.

चिपळूणच्या बाजूला छावणीला असलेल्या लष्कराला त्यांनी १६७३-७४ च्या सुमारास एक पत्र पाठविले, ते प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा नि गवत आताच उधळाल, तर पुढे घोडी मरतील. मग तुम्ही रयतेच्या घरांत शिराल आणि लोकांना मोगल बरे वाटतील, असा त्याचा भाव. इतकेच सांगून महाराज थांबत नाहीत. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत त्यांचे लक्ष जाते. ज्याच्या नावाने दिल्ली दचकत होती, तो पुरुष उंदराच्या तोंडातल्या वातीचा हिशेब करीत होता! १६७५ साली पद्मदुर्गाच्या आरमाराला रसद पोहोचवायला प्रभावळीच्या सुभेदाराने, जिवाजी विनायकाने, उशीर केला, तेव्हा त्याची जी हजेरी पत्रातून घेतली आहे ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. जात, मान, जुनी चाकरी, कशाचाही मुलाहिजा नाही. कागदावरची रसद आणि समुद्रातल्या माणसाच्या पोटात गेलेली रसद या दोन गोष्टी आहेत, हे त्या राजाला पक्के माहीत होते.

पुढे पेशवाईत या व्यवस्थेला मोठा विस्तार आला. एका रुपयाच्या मागे आपण जरा चालून पाहू.

समजा, एखाद्या परगण्यातल्या गावचा वसूल घेऊन पाटील नि कुळकर्णी मामलेदाराच्या कचेरीत आले. पहिल्याने थैली जाते पोतदारापुढे. त्या काळी नाना टांकसाळींचे नाना रुपये चालत. कोणाचा कस कमी, कोणाला बट्टा जास्त. पोतदार नाणे पारखून घेई. मग पोतनीस वसुलाची नि खजिन्यातल्या शिलकेची नोंद करी. फडणीस त्या दिवसाच्या रोजकीर्दीत रक्कम चढवी आणि थैलीला तारखेची चिठ्ठी बांधी. या रोजकीर्दीवरून दप्तरदार खतावणी तयार करी आणि दर महिन्याला तिचा गोषवारा हुजुरास, म्हणजे पुण्यास, धाडी. मुजुमदाराने पाहिल्यावाचून कागद फडणिसाकडे जायचा नाही. दिवाणाची सही पडल्यावाचून मामलेदाराचे पत्र कचेरीबाहेर पडायचे नाही. चिटणीस पत्रव्यवहार पाही आणि सभासद बारीकसारीक तंट्यांची टिपणे ठेवी. अशा या आठ असाम्या. त्यांना दरखदार म्हणत.

आता यातली खरी मेख पाहा. हे आठही जण मामलेदाराच्या हाताखाली बसत. पण त्यांना नेमणे वा काढणे मामलेदाराच्या हाती नव्हते. त्यांच्या नेमणुका सरकारातून होत आणि त्या बहुधा वंशपरंपरेने चालत. ज्याच्या हिशेबाची राखण करायची, त्याच्याच मर्जीवर राखणदाराची भाकरी ठेवायची नाही, असा हा साधा नियम. मामलेदाराने काही दडविले, तर ते वर कळविणे हे या दरखदारांचे कर्तव्य होते. पाश्चात्त्य देशांत हिशेबतपासनिसाच्या स्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. आपल्याकडे ग्रंथ झाले नाहीत, पण कचेरीच्या बैठकीत ते तत्त्व मांडी घालून बसले होते.

त्या वेळचे शब्दही किती नेमके आहेत! फारसीत 'फर्द' म्हणजे यादी, 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्यावरून फडनवीस आणि मग फडणीस झाला असे सांगतात. वर्ष सुरू होई मृगाच्या पावसाबरोबर. शेतकऱ्याचे वर्ष तेच सरकारचे वर्ष. सालाचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७२. इंग्रजी हिशेबाने ते १७७१-७२ साल. मोडी अक्षर, अरबी साल, फारसी हुद्दा आणि वर मराठी 'श्री', असे हे चार देशींचे पाणी एकाच दौतीत मिसळलेले असे.

पुण्याचे हुजूर दप्तर हा या सगळ्याचा समुद्र. गावोगावचे, परगणोपरगणीचे ओहोळ तेथे येऊन मिळत. चालते दप्तर पेशव्यांच्या चालू कारभारासाठी फडणिसाच्या हाती असे. एकबेरीज दप्तर पुण्यात राही आणि तेथे साऱ्या हिशेबांची वर्गवारी लागे. सालाच्या आरंभी प्रत्येक परगण्याचा बेहडा तयार होई. यंदा आकार किती, वसूल किती धरायचा, नेमणुका कोणाच्या, खर्च किती मंजूर, याचा तो अंदाज. साल संपले की मामलेदाराला आपला हिशेब घेऊन पुण्यास यावे लागे आणि बेहड्याच्या शेजारी ताळेबंद ठेवून त्याची झडती होई. आज ज्याला आपण अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षण म्हणतो, ते याहून वेगळे काय आहे?

पण ही दप्तरे आकड्यांची आहेत म्हणून ती कोरडी असतील असे मात्र समजू नका. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून उतारे काढले आणि न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली त्यांवर निबंध वाचला, तेव्हा विद्वानांच्या ध्यानात आले की राजांच्या लढायांत न सापडणारा महाराष्ट्र या जमाखर्चात सापडतो. लष्कर जाताना कोणाचे उभे पीक तुडविले गेले, त्याची भरपाई एका ओळीत. पाऊस पडला नाही म्हणून कोणत्या गावाला सूट दिली, ते दुसऱ्या ओळीत. पडीत जमीन लागवडीला आणणाऱ्याला पहिल्या साली थोडा सारा, मग वर्षावर्षाने चढता, असा इस्तावा बांधून दिल्याचे कलम तिसऱ्या ओळीत. आणि लढाईत कामास आलेल्या शिपायाच्या पोरांना 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक करून दिल्याचीही नोंद आहे. शिपाई कुठे पडला ते बखरकार लिहील न लिहील. त्याच्या मागे राहिलेल्या लेकराच्या तोंडात काय पडले, ते फडावरच्या कारकुनाने लिहिले आहे.

आता पानिपताकडे वळू. त्या मोहिमेचा शेवट आपण रणांगणावर पाहतो. पण तिचा कोंडमारा आधी हिशेबात झाला होता. सदाशिवराव भाऊ हा स्वतः जमाखर्चाच्या कामात तरबेज. त्याने लष्कर उत्तरेत नेले ते तिकडच्या वसुलाच्या भरवशावर. अंतर्वेदीतला वसूल गोविंदपंत बुंदेल्यांकडे. त्यांच्याकडची बाकी थकलेली, हिशेब रेंगाळलेले. भाऊची पत्रांमागून पत्रे जात होती, पैका पाठवा, दाणा पाठवा. १७६० च्या पावसाळ्यात दिल्लीत भाऊला दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. त्याच साली डिसेंबरात गोविंदपंत शत्रूच्या छाप्यात मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली वाट बंद झाली. १४ जानेवारी १७६१ ला जे सैन्य लढायला बाहेर पडले, ते उपाशी पोटी पडले. गोविंदपंतांना दोषी धरायचे की परिस्थितीला, यावर जाणत्यांनी पुष्कळ वाद घातला आहे. मला त्यात शिरायचे नाही. मी एवढेच म्हणतो, की बाकी वेळेवर उगवली नाही की तिचे व्याज कोणी तरी भरतोच. आणि तो बहुधा बाकी ठेवणारा नसतो.

आणि पाहा, त्या सर्वनाशाची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली तीही हिशेबाच्या भाषेत! सावकाराच्या पत्रातून ती आली. माणसांची नावे नव्हती. मोती किती गळाले, मोहरा किती गेल्या, रुपये नि खुर्दा किती हरपला याची गणती नाही, अशा सांकेतिक शब्दांत ती लिहिली होती. मोती म्हणजे भाऊ नि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा? खुर्दा म्हणजे घरोघरचे शिलेदार, बारगीर, बाजारबुणगे. महाराष्ट्रात असे घर नव्हते की ज्याचा खुर्दा त्या दिवशी सांडला नाही.

त्या गर्दीतून जो थोडा ऐवज परत आला, त्यात एक अठरा-एकोणीस वर्षांचा फडणीस होता. बाळाजी जनार्दन भानू. आपण त्याला नाना म्हणून ओळखतो. घराणे कोकणचे, श्रीवर्धनकडले. आजा बाळाजी महादेव हा बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीस गेला आणि १७१९ साली तिथेच मारला गेला. नाना १७४२ साली जन्मला, बाप लौकर गेला आणि कोवळ्या वयात फडणिशीची दौत त्याच्यापुढे आली. पानिपतावर त्याची आई हरवली ती कायमचीच. स्वतः तो वेष टाकून, लपत-छपत परत आला. या साऱ्याबद्दल त्याने आत्मचरित्रपर टिपण लिहून ठेवले आहे, आणि त्यात तो आपल्या भीतीची नि मनाच्या दुबळेपणाचीही जमा-नावे झाकून ठेवीत नाही. फडणिसाला साजेसेच ते लिहिणे!

थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत, म्हणजे १७६१ पासून १७७२ पर्यंत, कोसळलेले घर पुन्हा उभे राहिले. या पेशव्याच्या मागे आजार होता, चुलत्याचा कलह होता आणि वडिलार्जित कर्ज होते. थेऊरला मरणशय्येवर असताना त्याने पुढच्यांसाठी जी कलमे लिहवून ठेवली, त्यांत राज्याच्या गोष्टींबरोबर सावकारांचे देणे फेडण्याची काळजी आहे. एखादा राजा मरताना मुलूख मागतो, एखादा मोक्ष मागतो. याने बेबाकी मागितली. रामशास्त्री न्यायाच्या आसनावर आणि नाना फडावर, अशी त्या काळाची मांडणी होती.

पुढे बारभाईंचे कारस्थान, १७७४ साली जन्मलेल्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रे, इंग्रजांशी युद्ध, १७८२ चा सालबाईचा तह, १७९५ ची खर्ड्याची लढाई, हे सगळे नानाच्या कारभारात घडले. तलवार चालवायला तो कधीच निघाला नाही. त्याच्या शत्रूंनी त्याला भित्रा म्हटले, कपटी म्हटले. त्याने सत्ता आपल्या हाती फार आवळली हेही खरे. पण दप्तर मात्र त्याच्या काळात घड्याळासारखे चाले. हुजूर दप्तरात दोनशेच्या आसपास कारकून लिहीत बसत आणि कोणत्या परगण्याचा कागद कोणत्या रुमालात आहे, ते सांगता येई. १३ मार्च १८०० ला नाना वारला. पुण्यातला इंग्रज वकील पामर याने लिहिले की मराठ्यांच्या राज्यातले शहाणपण नि संयम त्याच्याबरोबर गेले. परक्याच्या या शब्दांची आपल्याला खंत वाटते. पण पुढच्या अठरा वर्षांनी ते खोटे पाडले नाहीत.

दुसऱ्या बाजीरावाने काय केले? त्याने मामलती बोलीला लावल्या. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला परगणा. कबूल केलेली रक्कम आली की पेशवा तृप्त. रयतेकडून किती पिळले, ते कोणी पाहायचे? मामलेदाराला आपली जागा पुढल्या साली राहील याची शाश्वती नाही. म्हणून यंदाच ओरपायचे. दरखदार नावाला उरले. हुजूर दप्तर विसकटले, कागद इकडेतिकडे गेले. पेशव्यांचा खासगी खजिना मात्र वाढत होता, आणि म्हणून सगळे ठीक चालले आहे असे वाटत होते. वसूल वाढणे आणि राज्य सुधारणे या दोन गोष्टी एक समजण्याची चूक ती हीच.

१८१८ साली राज्य गेले. त्यानंतर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलुखाविषयी आपल्या सरकारला अहवाल दिला. मुलूख ज्याने घेतला त्याच्याच हातचा तो कागद; तेव्हा तो तराजूत घालूनच वाचायला हवा. पण त्यात एका कलमाची हकीकत आहे, ती मला विसरता आली नाही. त्या कलमाचे नाव 'अंतस्थ', किंवा 'दरबारखर्च'.

मामलेदाराचे हिशेब पुण्यात तपासले जात. ते नीट पास व्हावेत म्हणून दरबारी मंडळींना नि तपासनिसांना गुपचूप काही द्यायचे, आणि त्यासाठी गावांवर थोडी जादा पट्टी बसवायची. हे झाले मूळचे अंतस्थ. काही वर्षांत ही देणगी इतकी ठराविक झाली की ती खर्चात उघड लिहिली जाऊ लागली आणि इतर कलमांप्रमाणे तिचीही तपासणी होऊ लागली! म्हणजे लाच ही रीतसर झाली. पण रीतसर रकमेने काम भागेना. जो चोरीकडे काणाडोळा करायचा, त्याला गुपचूप काही मिळायलाच हवे. म्हणून तिच्यावर नवे अंतस्थ आले, रयतेवर पुन्हा पट्टी वाढली. या नाजूक व्यवहारात कोणी फार खोल पाहत नसे, म्हणून मामलेदार वरच्यांना देई त्याहून कितीतरी जास्त स्वतःसाठी गोळा करी.

हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवले. कारण मला माझीच एक सही आठवली.

तरुणपणी एका संस्थेच्या जमाखर्चाचे काम माझ्याकडे आले होते. 'मास्तर आहेत, अक्षर चांगले आहे, प्रामाणिक आहेत,' असे म्हणून लोकांनी ते माझ्या गळ्यात घातले. एका वर्षी कुठल्याशा मंजुरीसाठी कोणाच्या तरी हातावर काही रक्कम ठेवावी लागली. पावती अर्थातच नव्हती. संस्थेचे वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, "गुरुजी, 'पाहुण्यांचे आदरातिथ्य' म्हणून लिहा. काम संस्थेचेच आहे. तुमच्या-माझ्या खिशात थोडेच काही जातेय?" त्यांचे बोलणे खोटे नव्हते. पैसा कोणी खाल्ला नव्हता. मंजुरी आली, मुलांच्या डोक्यावर छप्पर आले. मी लिहिले आणि सही केली.

दुसऱ्या वर्षी ती रक्कम पुन्हा आली, थोडी वाढून. मी का-कू केली तर मला गेल्या सालची वही उघडून दाखविण्यात आली. "नवे काही नाही, गुरुजी. वहिवाट आहे." वहिवाट! आणि तिच्याखाली माझीच सही. तिसऱ्या वर्षी त्या कलमात असेही काही खर्च शिरले, की ज्यांचा मंजुरीशी संबंध नव्हता. विचारायला मला तोंड नव्हते. मी प्रकृतीचे निमित्त सांगून ते काम सोडले. खरे कारण सांगायचे धैर्य झाले नाही.

आजोबा तेव्हा हयात होते. मी त्यांना हे सांगितले. मला वाटले, रागावतील. ते बराच वेळ सुपारी कातरीत राहिले आणि म्हणाले, "रक्कम काय, ती लहानच होती. पण तू कलम खोटे लिहिलेस. चोराने पैसा नेला तर वही सांगते की पैसा गेला. वहीच खोटे बोलली तर सांगणार कोण?"

त्या पोऱ्याची पावली आणि माझे आदरातिथ्य यांत फरक तो एवढाच. शेटजींनी देऊ केलेली पावली चांगल्या मनाने दिलेली होती. माझी सहीही वाईट मनाने केलेली नव्हती. हिशेबाला मन कळत नाही, म्हणून आपण त्याला रुक्ष म्हणतो. पण मनाची ही चांगुलपणाची चाल ओळखून जो तिच्यापुढे नम्रपणे 'नाही' म्हणतो, तो हिशेबनीस. त्याला लिहिता-वाचता येणे, बेरीज-वजाबाकी येणे ही पहिली पायरी. फडणिसाला मामलेदाराने काढू नये असा नियम जुन्या लोकांनी का केला, ते मला तेव्हा उमगले. माणूस प्रामाणिक आहे एवढ्याने भागत नाही. त्याला प्रामाणिक राहता येईल अशी बैठकही त्याला द्यावी लागते. आणि अशी बैठक असूनही, शेवटी बोरू त्याच्याच हातात असतो.

पेशव्यांचे ते दप्तर आज पुण्यात आहे. १८९१ साली त्याच्यासाठी इमारत झाली. तेथे रुमालांत बांधलेले हजारो गठ्ठे आहेत. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसाई यांनी त्यांतून निवडक कागद काढून पंचेचाळीस भाग छापविले. ज्यांनी ते कागद लिहिले त्या बहुतेक कारकुनांची नावेही कोणाला माहीत नाहीत. त्यांचे पोवाडे झाले नाहीत. पण आज कोणी अभ्यासक त्या काळचे खरे शोधायला निघाला, की बखरी बाजूला ठेवून तो त्यांच्या कीर्दीपाशी येतो. ज्या दिवशी जे झाले ते त्याच दिवशी लिहिणारा माणूस दोनशे वर्षांनीही साक्षीला उभा राहतो.

आमच्या चौरंगावर अजून वही ठेवली जाते. घरखर्चाचीच असते, दूध, किराणा, औषध, वीज. गेल्या खेपेला धाकट्या मुलीने विचारले, "बाबा, हिची पूजा कशाला? हिच्यात तर नुसता खर्चच आहे." मी तिला आजोबांचे ते वाक्य सांगितले आणि हळदीकुंकवाचे बोट तिच्याच हाताने वहीला लावविले. मग आतून तिने त्या दिवसाचा फटाक्यांचा खर्च आणून सांगितला. वीस रुपये कमी सांगितले होते, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होते. मी काही बोललो नाही; बोरू, म्हणजे आजचे पेन, तिच्या हातात दिले. ती क्षणभर थांबली आणि खरा आकडा लिहिला.

नव्या सालाची ती पहिली जमा.